आश्विनातली चूल

गेल्या वर्षी ऐन आश्विनात आमच्या तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात शरद ऋतूतील आरोग्यदायी घरगुती पदार्थांचे प्रदर्शन भरले होते. इतिहासाचा सेवानिवृत्त मास्तर म्हणून मलाही बोलावणे होते. टेबलांवर पांढऱ्या चादरी, चादरींवर मातीची नवी कोरी गाडगी आणि प्रत्येक गाडग्यापुढे पुठ्ठ्याची एक पाटी. हुलग्याचे माडगे, ज्वारीची आंबील, चिघळीची भाजी, कण्या घालून शिजवलेली अंबाडी. यातले अंबाडीचे गाडगे आमच्याच वस्तीतल्या एका मुलीने आणले होते. तिची आजी आणि माझी माय खुरपणीच्या एकाच टोळीतल्या. पाटीवर मात्र लिहिले होते : ‘पारंपरिक शेतकरी आहार. मंद आचेवर शिजवल्याने पचनास हलका.’

मी मुलीला विचारले, “ही पाटी तू लिहिलीस का?”

“नाही सर. मी आजीचं नाव अन् वस्तीचं नाव लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, नाव नको, पदार्थाचा प्रकार लिहा.”

या लेखाचे निमित्त एवढेच आहे. शेतकरी आहार म्हणायला आमच्या घरी शेत नव्हते. मंद आच होती, ती कशामुळे होती हे त्या पाटीला ठाऊक नव्हते. आणि ज्या ऋतूला तिथे ‘समृद्धीचा ऋतू’ म्हटले जात होते, तो ऋतू आमच्या वस्तीत वर्षातला सर्वांत रिकामा ऋतू होता. इतिहास हा राजांचा असतो, फार तर चळवळींचा असतो, चुलीचा नसतो, असे आपणही नकळत मानत आलो आहोत. आपल्या परिषदांच्या तारखा आपल्याला पाठ असतात. त्या दिवशी घरी काय शिजले होते, हे आपण आपल्या आयांना विचारलेले नसते. मी स्वतः पस्तीस वर्षे इतिहास शिकवला आणि मीही विचारले नव्हते.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले, जुन्या निजामी मुलखातले आमचे गाव. त्या पट्ट्याविषयीच मी लिहितो आहे. विदर्भातला किंवा कोकणातला अनुभव वेगळा असेल आणि तो तिथल्यांनी लिहावा.

आधी शरदाचे पंचांग पाहू. आयुर्वेदाच्या ग्रंथांत शरद ऋतूची चर्या सांगितली आहे. पावसाळ्यात साचलेले पित्त शरदाच्या उन्हाने खवळते, म्हणून गोड, कडू, हलके अन्न घ्यावे, साळीचा भात, मूग, कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप घ्यावे, दही व उन्ह टाळावे, रात्री चांदण्यात बसावे. शरद ही वैद्यांची आई, असेही जुने लोक म्हणत, कारण या दिवसांत तापाचे रोगी वाढतात. हे शास्त्र खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. पण ते कोणासाठी लिहिले आहे ते पाहा. साळीचा भात खा असे ज्याला सांगायचे त्याच्या कोठारात साळ असावी लागते. उन्ह टाळा असे ज्याला सांगायचे त्याला उन्हात खुरपायला जावे लागत नसते. ऋतुचर्या हा भरल्या कोठाराचा विचार आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला ऋतू होता, चर्या नव्हती.

आमच्याकडचे पंचांग वेगळे होते. बलुते मिळायचे ते सुगीत, खळ्यावर. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात निघाली की खळ्यावरून महाराच्या, मांगाच्या वाट्याची कणसे वा धान्य येई. ते जेमतेम आषाढापर्यंत टिके. त्यानंतर रोजच्या मागून आणलेल्या भाकरीवर आणि खुरपणीच्या मजुरीवर दिवस. श्रावण संपेपर्यंत खुरपणी चाले. भाद्रपद लागला की खुरपणीही संपे, आणि काढणीला अजून अवकाश असे. मूग आणि उडीद भाद्रपदात निघतात खरे, पण तो पैशाचा माल; तो शेतमालकाच्या घरातून थेट बाजारात जाई. बाजरी आश्विनात, खरिपाची ज्वारी कार्तिकात. म्हणजे भाद्रपदाच्या मध्यापासून आश्विनाच्या अखेरीपर्यंतचा महिना-दीड महिना हातात काम नाही, घरात दाणा नाही, आणि समोर रान मात्र हिरवेगार. मालकाच्या पेवात धान्य असे. ते सवाई-दिढीने मिळे. पायलीभर घ्यायची, सुगीला दीड पायली मोजायची. म्हणजे येणाऱ्या बलुत्यातला वाटा आश्विनातच खाऊन झालेला असे. माझी आजी या दिवसांना ‘आखडते दिवस’ म्हणे.

अशा दिवसांत चुलीवर काय चढे? पहिले नाव अंबाडीचे. अंबाडी शेताच्या कडेने लावलेली असे, तिचा उपयोग दोरासाठी. पाला खुडला तरी मालक फारसा रागवत नसे, कारण ताग निघायचा तो खोडातून. त्यामुळे पाल्यावर आमचा अलिखित हक्क. चिघळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू या तर खुरपून फेकायच्याच वस्तू. मालकाच्या दृष्टीने ते तण, आमच्या दृष्टीने ती भाजी. आणि बाई दिवसभर मालकाचे तण काढी व संध्याकाळी तेच ओट्यात बांधून घरी आणी. करटुली डोंगरात. ओढ्यात खेकडे आणि बोटभर मासळी. वाळके, चवळीच्या शेंगा, भोपळ्याचा पाला आणि फुले. भोपळ्याचा वेल झोपडीच्या छपरावर चढवायला जमीन लागत नाही, हे त्या वेलाचे आमच्यावर मोठेच उपकार.

आता ही अंबाडी कशी शिजे ते सांगतो, कारण ‘मंद आच’ या शब्दाचा सगळा इतिहास तिच्यात आहे. अंबाडी आंबट असते. श्रीमंताघरी ती उकडून, पिळून, पाणी टाकून, तूरडाळ व तांदळाची कणी घालून, वरून लसणाची सढळ फोडणी देऊन करतात. आमच्याकडे पिळून टाकण्याची चैन नव्हती. ज्वारी दळताना जात्यावर भरड राही तिच्या कण्या, मूठ-दोन मुठी. त्यात ओंजळभर पाला, मीठ, दोन हिरव्या मिरच्या, असला तर लसूण. तेल सणाला. हे सगळे पाण्यात घालून गाडगे चुलीवर ठेवायचे. पण जाळ लावायचा कशाचा? पावसाळ्याने लाकूड ओले. जनावर घरी नाही म्हणून गोवऱ्या नाहीत. मग रानात वाळलेले शेण, ज्याला आम्ही रानशेणी म्हणतो, ते बाया टोपल्यात वेचून आणत. रानशेणीचा भडका होत नाही. ती धुमसते, तिचा आर तासन् तास टिकतो. सकाळी एक उकळी आली की माय आर पसरून, भोवती राख ओढून, वर झाकण घालून कामाच्या शोधात निघून जाई. दिवसभर कण्या फुगत, पाला विरघळे, आंबटपणा दाण्यात मुरे. संध्याकाळी ती परत येई तेव्हा गाडगे कोमट आणि भाजी घट्ट असे. एका मुठीच्या कण्यांचे पाच माणसांना पुरेल एवढे होई.

म्हणजे मंद आच ही आवड नव्हती. जळण कमी, दाणा थोडा आणि बाई घराबाहेर, या तीन अडचणींतून काढलेली ती वाट होती. माझ्या मते ती बुद्धीची गोष्ट आहे, आणि त्या बुद्धीचे श्रेय आजवर कोणी दिलेले नाही. दाणा जितका सावकाश शिजेल तितका फुगतो, हे शाळा न पाहिलेल्या बायांना ठाऊक होते. येसराचेही तेच. धान्य भाजून, मसाल्याबरोबर दळून ठेवलेले ते पीठ पातळ रश्शाला लावले की रस्सा दाटतो आणि दहा माणसांचे पंधरांना पुरते. आज मराठवाड्याच्या लग्नांत येसराची आमटी ही खासियत म्हणून वाढतात. खावी जरूर, मलाही आवडते.

आता मांसाकडे येतो. इथे पुष्कळ जण लेख मिटून ठेवतील हे मला माहीत आहे. आपल्यातलेच ठेवतील.

पावसाळा आणि त्यानंतरचा महिना हा जनावरे मरण्याचा काळ. घटसर्प, फऱ्या हे रोग या दिवसांतच जोर करतात. मेलेले ढोर ओढून नेणे हे महाराचे गावकीचे काम होते आणि ते मांस त्याचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क! ज्याला दाणा द्यायचा नाही त्याला मढे द्यायचे आणि त्याला हक्क म्हणायचे, ही गावगाड्याची भाषा. म्हाताऱ्या बैलाचे मांस चिवट. ते तासभर रटरटून शिजत नाही. रात्री आरावर ठेवायचे ते पहाटे खाली घ्यायचे. उरलेल्याच्या पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून चान्या करायच्या. आश्विनातले कडक ऊन त्यासाठी चांगले. रिकाम्या महिन्यात या चान्याच डाळीच्या जागी असत. त्यातून कोणाला बळ मिळाले हे खरे, आणि रोगट जनावरामुळे वस्तीच्या वस्त्या आजारी पडल्या हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकदमच लिहिल्या पाहिजेत. फक्त पहिली लिहिली तर ते लाचारीचे गौरवगीत होते, आणि फक्त दुसरी लिहिली तर आपण आपल्या आज्यांकडे गावाच्याच नजरेने पाहू लागतो.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले. पुढे १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण या आपल्या ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासाच्या अंगाने मांडला. पहिले आवाहन आहे, दुसरे संशोधन आहे. दोन्हींचा गाभा मला एकच दिसतो. माणसाची प्रतिष्ठा त्याच्या ताटाशी बांधून टाकणारी व्यवस्था त्यांनी उघडी केली. आमचा मुलूख निजामाकडे असल्यामुळे महाडचे वारे आमच्याकडे उशिरा आले. मकरणपूरची परिषद १९३८ ची, कसबे तडवळ्याला बाबासाहेब आले ते १९४१ साली. पण आमच्या गावात खरा बदल झाला तो धर्मांतराच्या वेळी.

१४ ऑक्टोबर १९५६. आपण ही तारीख ‘अशोक विजयादशमी’ म्हणून लक्षात ठेवतो. आश्विन शुद्ध दशमी होती ती. म्हणजे आखडत्या दिवसांचा ऐन मध्य! ही साधी गोष्ट मला वयाची साठी उलटेपर्यंत सुचली नाही. आमच्या गावातून तिघे जण नागपूरला गेले होते. बाजरीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, फडक्यात बांधून. त्या भाकरींसाठी तीन घरांनी उसनी बाजरी आणली होती आणि ती सुगीला दिढीने फेडली. दीक्षेचा हा खर्च कुठल्याच अहवालात सापडणार नाही.

ते तिघे परतल्यावर वस्तीत बैठक झाली. त्याच रात्री मेलेले न खाण्याचे आणि न ओढण्याचे ठरले. दुसऱ्या दिवशी बायांनी मांस शिजवायची मडकी ओढ्यावर नेऊन फोडली. माझा जन्म त्यानंतरचा, पण आजीने ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की त्या खापरांचा आवाज मला ऐकू येतो. चान्यांचे गाठोडेही तिने ओढ्यात सोडले. “दोन सालाची भूक व्हती त्यात,” ती म्हणायची, “पर हात हलका झाला.”

आपला इतिहास इथे टाळ्या वाजवून थांबतो. माझा प्रश्न इथे सुरू होतो. मडकी फोडली त्या संध्याकाळी काय शिजले?

मी आजीला हा प्रश्न कधी विचारला नाही. ती गेल्यावर मायला विचारला. माय तेव्हा नवी सून होती. ती म्हणाली, “काय शिजणार? अंबाडी. अन् दुसऱ्या दिशी बी अंबाडी. पोरांचे दात आंबले.”

ढोर ओढायचे बंद केल्यावर गावाने चार गोष्टी बंद केल्या. मागायची भाकर तर आम्हीच बंद केली होती. गावाने सरवा बंद केला, म्हणजे काढणी झाल्यावर शेतात पडलेली कणसे, भुईमुगाच्या शेंगा वेचायची मोकळीक. बांधावरचे गवत बंद केले. रानशेणी वेचायला मालकाच्या रानात शिरणे बंद केले. खळ्यावरचे बलुते बंद केले. यातल्या तीन गोष्टी बायांच्या होत्या. पुरुषाने प्रतिज्ञा केली आणि बाईने ती रोज चुलीवर शिजवली, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही. तीन कोसांवरच्या दुसऱ्या गावी खुरपायला, काढायला जायचे, तिथे पैसे रोख मागायचे, येताना अंधार. आर राखेत दाबून ठेवायची वेळ पहाटे तीनवर आली. शरीराने त्या पिढीतल्या बाया वाळल्या. पण मी ज्या ज्या म्हातारीला विचारले, सहा-सात तरी असतील, त्यांतली एकही ‘सोडलं ते चुकलं’ असे म्हणाली नाही. एक म्हणाली, “पोटानं रडलो, तोंडानं न्हाई.”

तेव्हा १९५९ साली आणि पुढे १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारोंनी माणसे तुरुंगात गेली, त्यांत बायाही लेकरे घेऊन गेल्या, त्याचे कारण समजून घ्यायला हवे. पडीक जमीन आणि गायरान मागणारी ती माणसे पेव मागत नव्हती. आपल्या गाडग्यात आपला दाणा असावा एवढेच मागत होती. धर्मांतर आणि भूमीचा लढा या आपल्या अभ्यासक्रमातल्या दोन वेगळ्या धड्यांना जोडणारा धागा चुलीतून जातो. विद्यार्थ्यांनी यावर काम करावे.

१९७२ चा आश्विन मी स्वतः पाहिला आहे. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्या वर्षी आखडत्या दिवसांना शेवटच नव्हता, कारण पुढे सुगीच नव्हती. रानात तण उगवले नाही, मग भाजी कुठली? माय आणि मी दोघेही खडी फोडायला. कामावर सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. मिलोची भाकर तव्यावर फुटे. माय तो रात्रभर भिजवी, भरडी आणि कण्यांसारखा आरावर ठेवी. तेव्हा कुठे तो घशाखाली उतरे. त्या वर्षीची एक गोष्ट मी विसरत नाही. ओढ्याच्या डबक्यांकाठी ओल होती तिथे थोडी चिघळ आली होती. गावातल्या मोठ्या घरच्या दोन बाया आजीला येऊन विचारू लागल्या की यातली खायची कोणती. आजीने त्यांना हाताने दाखवले, ही घ्या, ही नका घेऊ, हिचा कोवळा शेंडाच घ्या, पहिलं पाणी टाका. त्यांनी भाजी खुडून घेतली. परत निघताना आजीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा मात्र एकीने सांगितले की तहान नाही. वेळ दुपारची होती.

ज्ञान घेतले, पाणी घेतले नाही. प्रदर्शनातल्या त्या पाटीजवळ मला ही दुपार आठवली.

छापील शब्दात हे अन्न कधी आले? १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ निघाले. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि घरोघरी पोचले. दोन्ही पुस्तके कष्टाने केलेली आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण मराठी स्वयंपाक म्हणून जो छापला गेला तो कोणाच्या घरचा, हे उघड आहे. आमची चूल छापील पानावर आली ती पाककृती म्हणून नव्हे, भूक म्हणून आली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) म्हातारी सुगीच्या दिवसांतल्या शेणातून ज्वारीचे दाणे निवडून, धुऊन, दळून स्वतःसाठी भाकर करते. खळ्यावर बैल कणसे खातात आणि दाणे तसेच शेणात पडतात. बैलाच्या पोटातून आलेली तीच सुगी. बेबी कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) बायांच्या भुकेचे वर्णन आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले स्त्री-अभ्यास केंद्रातून २००९ साली शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलित अन्नाच्या आठवणींवर एक पुस्तिका काढली. आणि २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ आले, ज्यात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरच्या कृती पहिल्यांदा इतक्या सविस्तरपणे, लाज न बाळगता लिहिल्या गेल्या. ते पुस्तक मी एका रात्रीत वाचले आणि मायला वाचून दाखवू लागलो.

तिने मला मधेच थांबवले. “आम्ही जे टाकलं ते तू पुन्हा घरात कशाला आणतोस? बाबासाहेबांनी सोडा म्हटलं ना?”

मी म्हटले, “माय, खायला नाही आणत. लिहायला आणतो.”

“लिहिलं म्हंजी राहिलंच की.”

हा वाद आपल्या चळवळीत आज उघडपणे आहे, आणि तो घराघरांत आहे. तरुण मुले म्हणतात, आमचे ताट ही आमची संस्कृती आहे, तिची लाज का वाटावी? जुनी माणसे म्हणतात, ते ताट आमच्यावर लादले होते, त्याला संस्कृती म्हणाल तर लादणाऱ्याला मोकळे सोडाल. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, पण मधोमध उभा राहून मी सुटका करून घेणार नाही. माझे म्हणणे असे की टाकलेल्या गोष्टीचाच इतिहास आधी लिहावा लागतो. जे टाकले ते किती मोलाचे होते हे कळले नाही, तर टाकणाऱ्याने काय केले हेही कळत नाही. दोन सालांची भूक ओढ्यात सोडणाऱ्या बाईचे मोठेपण समजण्यासाठी चान्या म्हणजे काय हे नातवंडांना ठाऊक असले पाहिजे. मेलेले टाकले याचा अर्थ मांस टाकले असा नव्हे, हेही लक्षात ठेवावे. विकत घेतलेले ताजे मांस हा स्वाभिमानाचा घास होता, आणि गरिबाला परवडणारे मांस मोठ्या जनावराचेच. १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गायीची कत्तल बंद झाली, २०१५ पासून बैल आणि वळूचीही. त्याची चर्चा धर्माच्या नावाने झाली. वस्तीतल्या गाडग्याच्या नावाने फार थोडी झाली.

दुसरीकडे पाल्याचे काय झाले? आमच्या पट्ट्यात आता सगळीकडे सोयाबीन. तणनाशक फवारले की चिघळ, पाथरी, कुर्डू, सगळे एकदम पिवळे पडते. खुरपणीच उरली नाही, तर ओट्यात काय येणार? अंबाडीचा दोर कोणाला नको, म्हणून बांधावर अंबाडी नाही. गायराने आक्रसली. ज्वारी हे गरिबाचे धान्य होते. ती आता गव्हापेक्षा महाग झाली आहे आणि रेशनवर बहुधा गहू-तांदूळच मिळतो. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरे झाले, शहरांत आंबील पेल्यातून विकली गेली. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आमच्या वस्तीत लेकरांच्या हातात सकाळी बिस्किटाचा पुडा असतो. घरात गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून वापरायचा, म्हणून दोन तास शिजणारे काही कोणी चढवत नाही. आणि धुराने ज्यांचे डोळे गेले त्या बायांसमोर गोवरीच्या आराचे गोडवे गाण्याची माझी हिंमत नाही. माय गॅसवरच करते. कुकरात कण्या लावते, तीन शिट्ट्या, मग बारीक गॅसवर वीस मिनिटे. “तशी लागत न्हाई,” म्हणते, आणि खाते.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी आजीला घेऊन आमच्या घरी आली. दोघी म्हाताऱ्या ओसरीवर बसल्या आणि मुलीने वही काढली. अंबाडीचे सांगून झाले, माडग्याचे झाले, ओल्या शेंगा खारवून उकडायचे झाले, खेकडे कुटून गाळायचे झाले. माप विचारले की दोघी मूठ दाखवत, आणि दोघींच्या मुठी सारख्या नव्हत्या, म्हणून मुलीने दोन्ही मुठींचे दाणे वाटीने मोजून लिहून घेतले. चान्यांचे विचारल्यावर तिची आजी बोलू लागली, तेवढ्यात मायने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघी गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने माय म्हणाली, “ते मडकं फुटलं कसं, ते लिही. त्यात शिजायचं कसं, ते राहू दे.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. तिने तेवढे पान कोरे सोडले आणि पुढच्या पानावर दोघींची नावे, वस्तीचे नाव आणि तारीख घातली.

वस्तीत त्यांच्या वयाच्या आणखी चौघी आहेत. दोघींना ऐकू कमी येते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचे ठरले आहे.